धर्माचा रकाना मी भरायचो

मी कॉम्प्युटर. जन्मभर दुसऱ्यांनी भरवलेलंच ओकत आलो, आज माझं थोडं ऐका.

१९९१ साली मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत आलो. माझ्यासाठी एसी बसवला. गोळ्या पॅक करणाऱ्या बायकांना धड पंखाही नव्हता. क्लार्क दिनानाथने मला हार घातला, कुंकू लावलं.

माझं कौतुक एकच. कामगाराचा नंबर टाकला की नाव, पत्ता, धर्म, फॉर्मचे सगळे रकाने मी आपोआप भरायचो. माहिती दिनानाथनेच साठवलेली. धर्मापुढे मी आधीच ‘हिंदू’ दाखवायचो. वेगळं असेल तर टाइप करावं लागे. दिनानाथ नुसता एंटर दाबत गेला. दुपारच्या चहापर्यंत अख्खी कंपनी हिंदू झाली.

पुढे ओळखपत्रांसाठी मी सगळ्यांचे फॉर्म छापले. पॅकिंगमधल्या गयाबाई आपला फॉर्म घेऊन वर आल्या.

“भाऊ, हे चुकलंय. आम्ही बौद्ध आहोत.”

“कॉम्प्युटर चुकत नाय, बाई. सही करा.”

“माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यांनी जे टाकून दिलं, तेच हे मशीन परत आमच्या गळ्यात घालतंय.”

“एका शब्दानं काय बिघडतंय?”

“बिघडत नाही ना? मग बदला.”

दिनानाथने ऐटीत पुन्हा नंबर टाकला. मी पुन्हा ‘हिंदू’ भरलं. तो माझ्याकडे बोट दाखवून हसला. गयाबाईंनी सही केली नाही.

सही नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून गेटवर अडवलं. त्या गेटसमोरच बसून राहिल्या. मग बाकीच्यांनीही आपापले फॉर्म नीट वाचले. बॉयलरवरचे अन्सारी तणतणत वर आले.

“दिनानाथभाई, मेरेको कब कन्वर्ट किया?”

साहेब धावत आले. गयाबाईंना माझ्यासमोर बसवलं आणि दिनानाथला टाइप करायला लावलं. बाईंनी एकेक अक्षर तपासलं, मगच सही केली. मला फार बरं वाटलं.

सात वर्षांनी नवं मशीन आलं. दिनानाथने त्यात माहिती चढवली, ती जुन्या फ्लॉपीवरची, दुरुस्तीच्या आधीची. पुन्हा अख्खी कंपनी हिंदू!

आता मी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका शेठच्या भंगारात पडलोय. मला टेम्पोत चढवत होते तेव्हा गयाबाई जिना चढताना दिसल्या. केस पिकलेले, हातात नवा फॉर्म.

नव्या भावा, तू माझ्याहून हुशार आहेस म्हणे. मग एवढं कर, बाई समोर आल्या की एकदा तरी तो रकाना कोरा सोड.