डोंगर ओलांडून आलेला धबधबा

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. सुरतजवळच्या उधन्याच्या एका खोलीत, पिठाच्या डब्यावर, भिंतीकडे तोंड करून बसलेला.

मित्रांनो, माझी गोष्ट सरळ चालणार नाही. माझा काटा आता एका जागी टिकत नाही. सांगता सांगता तो घसरेल, खरखर होईल. तेवढं सहन करा. मी पुन्हा जागेवर येईन.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटातल्या तारांना डाग दिला, दुसरीने माझी पाठ बंद केली, तिसरीने पहिल्यांदा माझा आवाज ऐकला आणि मान डोलावली. पुढे मला भोकांचा चामडी अंगरखा मिळाला. सुरत स्टेशनजवळच्या दुकानातून धुडकूने मला घरी आणलं. धुडकू अमळनेरकडचा, लूमवर कापड विणणारा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. संध्याकाळी तो मला उंबऱ्यावर ठेवी आणि आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं भोवती बसत. "धुडकूना रेडू म्हनजे घंटी," असं म्हणत, इतका माझा आवाज खणखणीत. तेव्हा माझं आवाजाचं चाक अर्ध्यावरही न्यावं लागत नसे.

खर्र…

…चाक अर्ध्याच्या पुढे गेलं. कधी गेलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. रोज केसाएवढं. शेजारी आता माझ्याभोवती बसत नव्हते, "धुडकूभाऊ, जरा धीरे करो ना," म्हणून दार वाजवत होते. दार वाजलेलंही त्याला कळत नसे. मालतीबाई, त्याची बायको, उठून मला बारीक करी. तो हसे, आणि ती वळली की पुन्हा मोठा करी.

लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, बारा तास नुसता खडखडाट. कोणी कानात सुताचा बोळा घातला, तर बाकीचे त्याला नवरी म्हणून चिडवत. धुडकूने बोळा कधी घातला नाही.

आता ते सांगतो, जे सांगायला मला आवडत नाही. त्याची मुलगी नूतन तेव्हा चार वर्षांची होती. तिचा आवाज पितळी घुंगरासारखा बारीक. एका रविवारी धुडकू मला मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. त्याच्या नजरेआड नूतनचा अंगठा दाराच्या फटीत चेंगरला. ती किंचाळली. पुन्हा किंचाळली. तो पायाने ताल धरत होता. नळावरून मालतीबाई धावत आली, तिने दार ढकललं, आणि रक्ताने भरलेला तो एवढासा हात त्याच्या तोंडासमोर धरला.

"बहिरा व्हयना का तू?"

हे मात्र त्याने ऐकलं.

खर्र… खर्र…

…योगराज सांगत होता. योगराज त्याच्याच खात्यातला, शेजारच्या लूमवरचा. त्याला सगळ्या रोगांवर उपाय ठाऊक. तो धुडकूच्या कानाला तोंड लावून म्हणाला, "कान जायेल नही रे. डोकामा लूमना आवाज भरेल शे. दोन दिन जंगलमा ऱ्हाय, धबधबाजोडे बस. पानी सगळा आवाज धुई काढस. मना मामाना कान तसाच उघडनात."

त्या मामाला कोणी पाहिलेलं नव्हतं. तरी धुडकूने खात्यातल्या कॅलेंडरवर डांगच्या जंगलातला, वघईचा गिरा धबधबा रोज पाहिलेला होता, सुताच्या व्यापाऱ्याने वाटलेल्या कॅलेंडरवर. त्याने दोन दिवसांची सुटी मागितली.

"धबधबा देखाले एकलाच चालना?" मालतीबाई भाकरी थापता थापता म्हणाली. तिने मान वर करून, त्याला दिसेल असं पुन्हा म्हटलं, "तापीमा पानी कमी पडनं का?"

"तठे वाघ बी ऱ्हातस. तुले भ्याव वाटी."

"माले? मी तुनासंगे दहा वरीस काढात."

तो हसला, पण तिला नेलं नाही. कान उघडले नाहीत तर ते कोणाच्या देखत कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. मी पिशवीत होतो. माझ्यासमोर त्याला लाज वाटत नसावी.

बिलीमोऱ्याहून वघईला छोटी गाडी जाते. ती इतकी हळू चालते, की माणसं मध्येच उतरून लघवीला जातात आणि पुन्हा चढतात. पावसाळा सरत आला होता. साग, बांबू, लाल चिखल. धुडकू खिडकीत बसून एकेक बोट कानात घाली, काढी, आणि ऐकून बघे.

वघईत त्याला सुकऱ्या भेटला. डांगी म्हातारा, पाहुण्यांना जंगल दाखवून पोट भरणारा. सुकऱ्याची डांगी आणि धुडकूची अहिराणी या मावसबहिणी, त्यामुळे दोघांचं जुळलं. धुडकूने त्याला कानाचं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "जरा मोठ्याने बोला दादा, मला तशी सवय आहे."

आता धबधबा. मित्रांनो, तुम्ही तो चित्रात बघितला असेल. चित्रात तो पांढरा असतो. त्या दिवशी तो चहासारखा होता, नदीच्या सगळ्या रुंदीवरून कोसळत होता आणि खालचे खडक थरथरत होते. पिशवीत माझे सेल एकमेकांवर वाजत होते. धुडकू काठावर उभा राहिला. भिजला. बराच वेळ हलला नाही.

मग त्याने मला बाहेर काढलं आणि माझ्या तोंडाजवळ म्हणाला, "माले ऐकू ई ऱ्हायनं."

तो रडत होता. सुकऱ्याने दुसरीकडे पाहिलं. पाण्यापाशी रडणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली असतील.

खर्र…

इथे त्याने मला बंदच ठेवलं. जंगल ऐकायचं होतं त्याला. मित्रांनो, बंद केलेला रेडिओ बोलत नाही. ऐकतो मात्र.

ते नदी सोडून डोंगराच्या वाटेला लागले. एका ओल्या खडकावर काळानिळा पक्षी बसला होता. सुकऱ्या थांबला. "आयक. शीळ घालतो. माणसासारखी."

तो पक्षी खरंच माणसासारखी शीळ घालत होता. एखादं पोर आळसावून, रस्ता विसरून शीळ घालतं ना, तशी. मी आयुष्यभर गाणी वाहून आणली, पण तसलं काही माझ्यातून कधी वाजलं नाही. धुडकू पक्ष्याची चोच बघत होता. चोच उघडत होती, मिटत होती.

"चांगली शे," तो म्हणाला.

पुढे चढण संपली, डोंगर ओलांडला, वाट पलीकडच्या दरीत उतरली. झाडीत भेकर ओरडलं. कुत्र्यासारखं, एकदा, मग सारखं. सुकऱ्या ती धोक्याची हाक ओळखून जागच्या जागी थांबला. धुडकू चालत राहिला. सुकऱ्याने धावत जाऊन त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि मागे ओढलं. समोर, दगडफेकीच्या अंतरावर, बांबूच्या बेटातून बिबट्या निघाला, वाट ओलांडली आणि खाली गेला. त्याने या दोघांकडे बघितलंही नाही. त्याच्या पंजाखालची माती हलली नाही, इतका तो हळू गेला.

मग सुकऱ्या धुडकूच्या समोर येऊन उभा राहिला.

"भेकर एवढं ओरडत होतं. तुला आयकू नाही आलं?"

"धबधब्याच्या आवाजात नाही आलं," धुडकू म्हणाला. "केवढा आवाज आहे त्याचा. इथपर्यंत येतोय."

सुकऱ्याने मान तिरकी केली. ऐकलं. "कशाचा?"

"धबधब्याचा."

"भाऊ, डोंगर आडवा आहे. इथून तो कोणालाच आयकू येत नाही."

धुडकूने दोन्ही तळहात कानांवर दाबले. घट्ट. मग काढले. पुन्हा दाबले. त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, कारण आत काहीच बदललं नव्हतं. नदीकाठी त्याने जे ऐकलं, ते त्याने उधन्याहून बरोबर आणलं होतं. ते लूम होते. धबधब्यापाशी चालत होते, पक्ष्यापाशी चालत होते, बिबट्यापाशीही चालत होते.

तो चिखलात बसला. त्याने मला सुरू केलं, चाक शेवटपर्यंत फिरवलं आणि मला कानावर दाबून धरलं. मी ओरडलो, मित्रांनो. माझ्यात होतं तेवढं सगळं ओरडलो. झाडावरून पाखरं उडाली. सुकऱ्याने हळूच हात पुढे करून मला बंद केलं.

"मुलगी आहे माझी," धुडकू म्हणाला. एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसासाठी तो थांबला नाही.

…खर्र…

घरी आल्यावर त्याने मालतीबाईला सगळं सांगितलं. ती त्याला टोमणा मारील असं मला वाटलं होतं. ती चुलीपुढून उठली नाही, फक्त म्हणाली, "मग पोरले शिकाड." पण तिचं तोंड चुलीकडे होतं. नूतनने त्याचा पाय ओढला, आईकडे बोट दाखवलं, आणि मालतीबाईला वळून तेच पुन्हा म्हणावं लागलं.

मग त्याने नूतनला शिकवलं. खात्यात बोलणं कोणालाच ऐकू जात नाही, तिथे माणसं ओठ बघून बोलतात. एकेक अक्षर तोंडात मोठं करून दाखवायचं, घाई करायची नाही, समोर उभं राहायचं. नूतन पटकन शिकली. पोरं शिकतातच. महिनाभरात बापलेक तासन्‌तास बोलू लागले. तो हसे, तीही हसे.

आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की आबाशी, म्हणजे बापाशी, बोलायला आवाज लागतच नाही.

आता ती दोघं समोरासमोर बसतात. ओठ हलतात, हात हलतात. तो घुंगरासारखा आवाज या खोलीत आता निघत नाही. मालतीबाई कधी कधी मध्येच म्हणते, "नूतन, मोठ्याने बोल, माले बी आयकू दे." नूतन तिच्याकडे बघूनही नुसते ओठच हलवते.

माझं तोंड भिंतीकडे केलंय, कारण मला कोणी लावत नाही. त्याचं मला दुःख नाही. सेल संपतात, काटा घसरतो, जुन्या वस्तूंचं असंच होतं.

पण मित्रांनो, कान ही पिठाच्या डब्यावर ठेवून द्यायची वस्तू नव्हे. त्यात बोळा घालणाऱ्याला हसू नका. आणि तुमच्या घरी कोणी पुन्हा पुन्हा "काय?" असं विचारत असेल, तर चिडू नका. त्याच्यासमोर उजेडात जाऊन उभे राहा. ओठ नीट हलवा. आणि त्याला ऐकू येणार नाही हे ठाऊक असलं, तरीही आवाज काढून बोला.