मी हरवलो नव्हतो

मी एक एटीएम कार्ड बोलतोय. अंगावर प्रेमलताबाईंचं नाव आहे, पण त्यांच्या हातात मी जेमतेम पाच मिनिटं होतो.

बाई सदर भागातल्या एका ऑफिसात ठेकेदारामार्फत झाडूपोछा करतात. पगार रोखीनं नको, बँकेतच जमा व्हावा, असं ठरलं आणि माझा जन्म झाला. बँकेच्या पायरीवरच सुपरवायझर ताराचंदनं हात पुढे केला. "हरवून टाकशील वं. माझ्यापाशी राहू दे."

तेव्हापासून मी त्याच्या स्टीलच्या डब्यात, आणखी दहा कार्डांसोबत. पाठीवर स्केचपेननं पिन लिहिलेला. दर सात तारखेला ताराचंद माझ्याकडून तेरा हजार काढी आणि बाईंच्या हातावर नऊ ठेवी. उरलेल्या चार हजारांना तो स्वतःशीच 'वापसी' म्हणे, जणू बाईंनीच त्याच्याकडून उसने घेतले होते!

एकदा तपासणीला कामगार खात्याचे साहेब आले.

"पगार बँकेत जमा होतो ना?"

"होते जी," बाई म्हणाल्या. साहेबांनी फॉर्मवर बरोबरची खूण केली, चहा घेतला, गेले. कार्ड कुणाकडे असतं, हे त्यांच्या फॉर्मात नव्हतंच. मी डब्यात नुसता चरफडलो.

डब्याच्याच खोलीत बाया जेवत. एकदा सोबतच्या रीनानं बाईंच्या मोबाइलवरचा मेसेज वाचला.

"मावशी, तुह्या खात्यात तेरा हजार येऊन राहिले!"

"मंग मले नऊच काहून भेटून राहिले?"

दोन दिवस बाईंना जेवण गेलं नाही. कार्ड मागितलं तर काम जाणार, नाही मागितलं तर चार हजार. तिसऱ्या दिवशी त्या बँकेत जाऊन आल्या आणि रीनाला हळूच सांगू लागल्या. "म्यॅडमनं इचारलं, कार्ड कुठी हाये? म्या म्हटलं, हरवलं. कधी? म्हटलं, देलं त्याच दिवशी."

सात तारखेला मशीननं मला नाकारलं. मी मेलो होतो, आणि खरं सांगतो, मरणाचा आनंद झाला. ताराचंदनं तिथूनच फोन लावला. "तुझं कार्ड चालून नाही राहिलं. काहून वं?"

"ते तं हरवलं, भाऊ. तुमच्यापाशी सापडलं काय?"

त्यानं कामावरून काढायची धमकी दिली. दुसऱ्याच दिवशी बाकीच्या दहाही जणी बँकेत गेल्या. अकरा जणींना एकदम कोण काढणार?

आज डब्यात आम्ही अकराही जण बंद पडून आहोत. नवी कार्डं बायांच्या बटव्यात आहेत. ताराचंदभाऊ, आता आम्हाला फेका आणि डबा घासून घ्या. त्यात घरून पोळीभाजी आणत चला.