शालूच्या चिंध्या

सिंधुनं सायकल आडवी टाकली आणि सागाचा बुंधा सगळीकडून हातानं चाचपला. चिंधी नव्हती. गेल्या रविवारी तिनं स्वतः चवड्यावर उभं राहून ती इथं बांधली होती, दोन गाठी मारून. आता गाठ नाही, चिंधी नाही, तिचा धागासुद्धा नाही.

"मेली माकडं," ती मोठ्यानं म्हणाली आणि मग स्वतःच मान हलवली. माकडांना फाडता येतं, पण दोन गाठी सोडवत बसायला त्यांना कुठली सवड?

नदीपासून इथपर्यंत एकाही झाडावर खूण उरली नव्हती. सकाळी लिंबूसरबताचा कॅन आणि आपली जाड टायरची सायकल जीपमध्ये टाकून ती डांबरी रस्त्यानं थेट पैनगंगेवर येऊन बसली होती. शिवशंकर सर आणि तिची मैत्रीण पुनम इस्लापूरहून सायकलवर निघून, रानातून, लाल चिंध्यांच्या मागानं तिथं यायचे होते. ऊन डोक्यावर आलं, सरबत कोमट झालं, तरी दोघांचा पत्ता नाही. रानात फोनला रेंज नाही. शेवटी ती उलट्या दिशेनं शोधायला निघाली.

अट सरांची होती. नांदेडच्या सायकल मंडळाचे ते अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के आणि हट्टाला त्याहून पक्के. मंडळाची वर्षाची मोठी फेरी निघायची ती डांबरावरूनच, उसाच्या ट्रॅक्टरांचा धूर खात. मागच्या साली एका ट्रॉलीनं पुनमला सायकलसकट कडेच्या नालीत घातलं, तरी सर बधले नाहीत. सिंधु शाळेत खेळाची शिक्षिका. ती दर बैठकीला उठून तेच सांगायची: नदीच्या खोऱ्यातून जाऊ, रानातून जाऊ, बैलगाडीच्या वाटेनं, मुरुमावरून. वनखात्याची परवानगीही तिनं चपला झिजवून आणली.

"आणि माणसं रानात हरवली तर?" सर म्हणाले होते.

"हरवणार नाहीत. मी खुणा बांधते."

"बांधा. मी आणि पुनम त्या खुणांनी येतो. कुणाला रस्ता न विचारता, दुपारच्या जेवणाआधी नदीवर पोचलो, तर फेरी तुमच्या वाटेनं. चुकलो तर हा विषय कायमचा बंद. कबूल?"

"कबूल," सिंधु म्हणाली होती.

त्या चिंध्या कशाच्या होत्या, हे एकट्या पुनमला ठाऊक होतं. लाल रंग लांबून दिसतो, आणि सिंधुच्या घरात लाल कापड एकच होतं, लग्नाचा शालू. मुरुडच्या सासरी सहा वर्षं काढून ती एक पेटी घेऊन बाहेर पडली, तेव्हा तो पेटीच्या तळाशी होता. नंतर कपाटाच्या तळाशी गेला. नेसवत नव्हता, विकवत नव्हता, कुणाला देववत नव्हता. कात्री लावली तेव्हा पुनमच्याच डोळ्यांतून पाणी आलं. "रडतीस काय," सिंधु म्हणाली होती, "धर ते टोक."

ती फाट्यावर पोचली. इस्लापूरकडून येणारी गाडीवाट इथं दुभंगते. डावी नदीकडे जाते, उजवी पायवाट दाट रानात शिरते. इस्लापूरच्या बाजूच्या खुणा जागच्या जागी होत्या. डावीकडे काही नव्हतं. आणि उजवीकडे, जिथं तिनं पाऊलही टाकलं नव्हतं, तिथं एका पळसाला तिच्याच शालूची चिंधी बांधलेली होती. जरीचा काठ उन्हात चमकत होता. गाठीवर हळदीकुंकू लावलेलं होतं.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तीन वर्षांची भांडणं, वनखात्याच्या चकरा, आणि कुणीतरी गंमत म्हणून सगळ्याचं मातेरं केलं! तिनं पॅडलवर पाय दिला. झाडामागून झाड, चिंधीमागून चिंधी ती उजव्या वाटेनं आत जात राहिली आणि एका जुन्या मोहाच्या झाडापाशी वाटच संपली.

मोहाच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड होता. फांद्या चिंध्यांनी भरून गेल्या होत्या. शालूच्या बाकीच्या सगळ्या इथंच होत्या, आणि त्यांच्या शेजारी निळ्या, हिरव्या, फुलाफुलांच्या, लुगड्याच्या काठांच्या. दोन सायकली शेजारच्या झाडाला टेकवलेल्या. सर आणि पुनम सावलीत बसले होते आणि एक म्हातारी त्यांच्यापुढं गूळ अन् शेंगा ठेवत होती.

"या," सर म्हणाले. "तुमच्या खुणांनी सरळ देवापुढं आणून बसवलं. पुढं रस्ताच नाही. आम्ही बसलो, ही सरजाबाई आली, म्हणाली आधी गूळ खा."

सिंधु तरातरा झाडाकडे गेली आणि पहिल्या लाल चिंधीला हात घातला. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"हां हां माय, हात लावू नको. कोणाचा तरी नवस हाय."

"कोणाचा?"

"कोण जाणं. कोणी परगावची बाई आली, अन् झाडाझाडाला बांधत नदीकडं चालली. देव तिला घावना. घावंल कसा, देव तर इकडं बसून राहिला. आमच्या वाडीच्या बाया लाकडाला गेल्या होत्या, त्यांनी पाह्यलं. म्हणलं, बिचारीचा नवस रानातच राहून जाईल. मंग फाट्याच्या पुढच्या समद्या सोडल्या अन् इकडं बांधत आणल्या. पोचता केला देवाला."

सर हसायला लागले. पुनम हसली नाही.

"आणि ह्या निळ्या, हिरव्या?" सिंधुनं विचारलं.

"त्या आमच्या."

"तुम्ही काय मागितलं?"

"आम्ही कामून मागावं? तिचंच मागितलं." सरजाबाईनं लाल चिंधी तळहातावर पसरली. "हे बघ, जरीचं हाय. लग्नाचा शालू हाय हा. लग्नाचा शालू कोणती बाई उगंच फाडती का? लई जळलं असंल तिचं. एकटीचं देवानं ऐकलं न ऐकलं, म्हणून समद्यांनी एकएक गाठ मारली. म्हणलं देवा, हिचं काय असंल ते बरं कर."

घटस्फोटाच्या वेळी कोर्टात सिंधु रडली नव्हती. शालूला कात्री लावतानाही नाही. माहेरी आईनं देवापुढं हात जोडून मागितलं होतं ते एवढंच, की पोरगी नीट नांदू दे. आणि इथं नाव ना गाव, अशा बायांनी आपल्या अंगावरच्या लुगड्यांचे काठ फाडले होते. तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत. सरांचं हसू थांबलं.

सरजाबाई तिच्याकडे पाहत राहिली.

"तू वळखती काय तिला?"

"हाव."

"बरी हाय का आता?"

सिंधुनं नाक पुसलं. "बरी हाय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"मंग फिटला नवस. फिटला की ज्यानं बांधली त्यानंच येऊन सोडायची असती. दुसऱ्यानं सोडली तर चालत न्हाई. सांग तिला."

सिंधुनं हात वर करून पहिली गाठ सोडली. मग दुसरी. म्हातारीनं उंच फांदी वाकवून तिच्या हाताशी धरली. निळ्याहिरव्या चिंध्यांना सिंधुनं हात लावला नाही. लाल तेवढ्या सगळ्या सोडल्या, एक ठेवली.

मागं सर उठून उभे राहिले होते.

"पुनम," त्यांनी घसा साफ केला, "आपण कुणाला रस्ता विचारला का?"

"नाही सर."

"जेवलो का?"

"गूळशेंगा खाल्ल्या. त्याला जेवण कोण म्हणतं?"

"मग अट मोडली कुठं?" असं म्हणून त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "चला मॅडम, व्हा पुढं. बांधत चला, आम्ही मागून येतो."

वाटेतल्याही लाल चिंध्या सोडत सिंधु निघाली, आणि फाट्यापर्यंत सरजाबाईही चालत आली. नदीकडच्या पहिल्या सागाला सिंधुनं चिंधी बांधली, दोन गाठी मारल्या.

"इकडं देव न्हाई बरं का," म्हातारी म्हणाली.

"ठाऊक हाय. मला नदीवर जायचंय."

सरजाबाईनं मान डोलावली. मग सिंधुच्या दोन गाठींवर तिनं आपल्या हातानं तिसरी गाठ मारली, ओढून पाहिली आणि म्हणाली, "जा."