टेबलाखालचं यंत्र

डॉक्टरांच्या एका संशोधन-अभ्यासात तीन महिने ठकीला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून झाल्या होत्या. आता त्या सुयांनी सात वर्षांच्या पोरीच्या मेंदूत काही फरक पडला का, हे स्कॅनच्या यंत्रात घालून बघायचं होतं. अट एकच: सहा मिनिटं हलायचं नाही. हालचालीमुळे दोन स्कॅन वाया गेले होते. तिसराही गेला तर अभ्यासातून नाव बाद आणि सुया बंद. ठकीच्या आईची सगळी भिस्त त्या सुयांवर.

बाप शिलाई मशिनं दुरुस्त करणारा. घरी आला की जेवायचा आणि घोरायचा. ठकीचा ऑटिझम हे आईचं खातं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. पण यंत्राच्या आवाजाला पोर बिचकते म्हटल्यावर गडी पुढे सरसावला. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाखाली दोघं आडवी, आणि बाप तोंडाने "घूं, टक-टक, कर्रर्र" करतोय. ठकी शेजारी गुपचूप पडून राहायची.

"तुमचाही मेंदू तपासून घ्या एकदा," आई म्हणायची.

स्कॅनच्या दिवशी यंत्राने सुरुवातच टक-टकने केली. ठकीने पाय झाडले आणि आतून ठणकावलं, "आधी घूं."

ठकी शब्द बोलायची, पण कुणाला उद्देशून कधीच नाही. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी बापाकडे पाहिलं.

"काय शिकवलंय हिला?"

"घूं, टक-टक, कर्रर्र," बाप ओशाळून म्हणाला. "बाहेरून तसंच ऐकू आलं होतं, बाई."

"बरं. क्रम बदलता येतो मला. आत्ताचा स्कॅन मी धरत नाही."

मग सहा मिनिटं ठकी तसूभर हलली नाही. स्कॅन स्वच्छ आला.

डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. शेवटचा प्रश्न: सुयांखेरीज या काळात घरी नवीन काही सुरू केलं का?

"केलं असेल तर हिला अभ्यासात धरता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "फरक कशाने पडला, ते मग सांगता येत नाही."

"नाही म्हणून लिहा," आई कुजबुजली.

बापाने पेन टेकवलं आणि तिथेच अडला. खोटं बोलायचं त्याला वावडं नव्हतं; गिऱ्हाइकांना 'उद्या या' तो रोजच सांगायचा. पण ठकी त्याची बाही धरून उभी होती आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने लिहिलं, 'हो. रोज अर्धा तास मुलीजवळ असतो. आधी नसायचो.'