स्केलथॉर्प सव्वादोन मैल

मित्रांनो, एखाद्या खेड्याबाहेरच्या चौफुलीवर चार हात पसरून उभा असलेला लोखंडी खांब तुम्ही पाहिला असेल. न पाहताच पुढे गेला असाल, तरी मी रागावणार नाही. मला त्याची सवय आहे. मी तसाच एक जुना, दिशा दाखवणारा खांब आहे. माझं वय शंभराच्या पुढे गेलं आहे, आणि चुकीची वाट दाखवण्याचा मला सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझे हात घडवले. त्यांच्यावर गावांची नावं आणि मैल उठावाच्या अक्षरांत काढले. एक हात मार्केट डेंबी या बाजारगावाकडे, दुसरा समुद्राकडे. तिसऱ्यावर लिहिलं होतं ‘स्केलथॉर्प सव्वादोन मैल’ आणि चौथ्यावर ‘हॅगबी अडीच मैल’. समुद्राकडच्या हातावर रस्त्याचा एक नंबरही होता, पण तो कंसात. कंसातल्या नंबराचा अर्थ असा, की तुम्ही अजून त्या रस्त्यावर नाही, पण असेच चालत राहिलात तर केव्हातरी लागाल. आमच्या देशात बऱ्याच गोष्टी अशा कंसात सांगतात.

माझी देखभाल विल्फ टॅप्लिन करी. तो आमच्या रस्त्यावरचा मैलकुली. चर साफ करणं, कुंपणं छाटणं, खड्डे बुजवणं ही त्याची कामं. दर वसंतात तो मला पांढरा रंग द्यायचा आणि बारीक कुंचल्याने अक्षरं काळी करायचा. “पाहुण्यांसमोर तोंड धुऊन उभं राहावं,” असं मला म्हणायचा. येणारेजाणारे थांबून म्हणत, “वा, काय खांब आहे.” विल्फ टोपी मागे सरकवून म्हणे, “ठीक आहे.” आमच्याकडे याहून मोठी फुशारकी कुणी मारत नाही.

मग युद्ध आलं. १९४० च्या उन्हाळ्यात वरून हुकूम सुटला, की शत्रू विमानातून उतरला तर त्याला वाट सापडता कामा नये. सगळे खांब उपटा, गावांच्या पाट्या काढा. विल्फने माझे हात सोडवले. कुठला हात कुठे जातो याच्या खुणा खडूने केल्या आणि मला स्केलथॉर्पच्या चॅपेलमागच्या कोळशाच्या खोलीत नेऊन ठेवलं. शत्रू काही आला नाही. मात्र पाच वर्षं आमच्याच लष्कराच्या गाड्या हॅगबीच्या तळ्याशी येऊन थांबत, आणि आतला अधिकारी नकाशा उलटा धरून शिपायांना सांगे, “सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.”

मित्रांनो, पाच वर्षं कोळशात पडून राहिल्यावर खडूची खूण शिल्लक राहत नाही. १९४५ च्या मे महिन्यात विल्फने मला बाहेर काढलं. त्याच्या दोनच आठवडे आधी त्याच्या घरी तार आली होती. त्याचा एकुलता एक मुलगा डेनिस इटलीत मारला गेला होता, युद्ध संपायला आठ-दहा दिवस उरले असताना. रस्तेखात्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला म्हटलं, “घाई नाही, विल्फ.” तो म्हणाला, “घरी बसून काय करू?” आणि शिडी खांद्यावर टाकून चौफुलीवर आला. त्याने माझे हात लावले, बोल्ट घट्ट केले, आणि वर न पाहता निघून गेला.

स्केलथॉर्पचा हात हॅगबीकडे लागला होता. हॅगबीचा स्केलथॉर्पकडे.

तिसऱ्या दिवशी चरात काम करताना विल्फने मान वर केली आणि त्याच्या ते लक्षात आलं. त्याचा चेहरा मी पाहिला. सबंध आयुष्य ज्या रस्त्यावर गेलं, त्याच रस्त्याची दिशा आपण चुकवली, हे मैलकुलीने कोणाला सांगायचं? त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. ‘जाता येता एक दिवस गुपचूप बदलून टाकू,’ असं त्याच्या मनात आलं असावं. तो एक दिवस काही येईना.

आणि गावाचं काय? बसचा थांबा माझ्या पायाशीच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. पोस्ट सांभाळणाऱ्या मिस विनी पार्जिटरला कोणीतरी म्हणालं, “विनी, खांब उलटा लागलाय. विल्फला सांग की.”

“मीच का?”

“तुझं ऐकतो तो.”

“त्याच्या घरी तार मी नेऊन दिली,” मिस पार्जिटर म्हणाली. “आता वर जाऊन ‘बाबा रे, खांबही चुकलास’ हेही मीच सांगू? असू दे उलटा. खांबच आहे. त्याने कुणाचं काय वाईट होणारे?”

तेव्हापासून दोन्ही गावांतली माणसं पाहुण्यांना पत्रात लिहीत, “चौफुलीवर उतरलात की खांब सांगेल त्याच्या उलट या.” विल्फला वाटे, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. गावाला वाटे, विल्फच्या लक्षात आलेलं नाही. सगळे एकमेकांना जपत होते आणि मी मध्ये उभा राहून खोटं बोलत होतो.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात, एका गुरुवारी, विल्फला एक पत्र आलं. ग्विन प्रॉसर नावाचा वेल्सचा तरुण. इटलीत तो डेनिसच्या शेजारीच होता, शेवटच्या दिवशीसुद्धा. सोमवारी तो कायमचा ऑस्ट्रेलियाला निघणार होता. त्याने लिहिलं होतं, “शनिवारी बसने चौफुलीपर्यंत येतो. डेनिसबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, आणि ते कागदावर लिहिता येत नाही. मला घ्यायला येऊ नका, उगाच त्रास. तिथे खांब असेलच, तो बघून चालत येईन.”

उत्तर पाठवायला वेळ नव्हता. विल्फची बायको एनिड रेशनची तीन आठवड्यांची साखर एका दिवसात घालून शहाजिऱ्याचा केक करायला बसली. आणि शुक्रवारी दुपारी विल्फ पाना आणि शिडी घेऊन माझ्याकडे आला.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. त्याने पहिल्या बोल्टला पाना लावलाही होता. एवढ्यात मिस पार्जिटर सायकलवरून आली. विल्फला शिडीवर पाहून तिने ब्रेक दाबला. आज याला आपली चूक दिसणार, तेही उद्या पाहुणा यायचा असताना, असं तिला वाटलं.

“काय रे विल्फ, त्याला कशाला छळतोयस? चांगला उभा आहे की.”

“बोल्ट जरा सैल वाटला.”

“सैल कुठला? मी रोज बघते. अगदी सरळ आहे. त्यापेक्षा घरी जा. एनिडला भट्टीशी एकटं सोडून इथे काय करतोस?”

तिच्यादेखत हात बदलायचे, म्हणजे चूक कबूल करायची. विल्फने पाना खिशात घातला. “बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. मिस पार्जिटर शीळ घालत निघून गेली. एका दुःखी माणसाला सांभाळलं, याचं तिला समाधान होतं.

शनिवारी सकाळी विल्फ घरी म्हणाला, “मी जाऊन उभा राहतो चौफुलीवर.” एनिड म्हणाली, “त्याने नको लिहिलंय ना? मग त्याला अवघडल्यासारखं होईल.” आपण का जायलाच हवं, हे विल्फला सांगता येईना. अखेर चर तुंबल्याचं निमित्त काढून तो फावडं घेऊन निघाला आणि अकराच्या बसला माझ्यापाशी हजर झाला. बसमधून एक म्हातारी आणि दोन कोंबड्या उतरल्या. एकच्या बसमधून कोणीच उतरलं नाही. तो घरी गेला.

ग्विन दहाच्या बसने आला होता. यजमानांना ताटकळत ठेवायचं नाही म्हणून.

तो माझ्याखाली थांबला. त्याने टोपी सारखी केली, घसा साफ केला, आणि सांगायचं ते हळू आवाजात म्हणून पाहिलं. “मिसेस टॅप्लिन, त्या दिवशी सकाळी डेनिसने...” तो अडला. पुन्हा सुरुवात केली, “मिसेस टॅप्लिन, त्या दिवशी सकाळी डेनिसने...” मग मान हलवून त्याने माझ्याकडे पाहिलं, स्केलथॉर्प वाचलं, आणि हॅगबीच्या वाटेला लागला. सव्वादोनाचे अडीच झाले, हे इटली पायी तुडवलेल्या माणसाला जाणवणार नव्हतं.

विल्फचं घर म्हणजे स्केलथॉर्पच्या चॅपेलला लागून असलेलं चॅपेल कॉटेज. हॅगबीतही चॅपेल आहे आणि त्याला लागून चॅपेल कॉटेज आहे. आमच्याकडे नावांची अशी काटकसर असते. गावाची पाटी युद्धात काढलेली, ती अजून परत लागली नव्हती. ग्विनने दार ठोठावलं. त्या घरची माणसं बाजाराला गेली होती. तो समोरच्या भिंतीवर तीन वाजेपर्यंत बसून राहिला. समोर राहणाऱ्या मिसेस ट्रंडलने त्याला पडद्याआडून चार वेळा पाहिलं. पुढे महिन्याभराने ती बसथांब्यावर सांगत होती, “मनात आलं, चहा विचारावा. पण इतका एकटा बसला होता, की जाऊन बोलणं बरं दिसलं नसतं.”

चार वाजता तो परत माझ्यापाशी आला. वीस मिनिटं बसची वाट पाहत उभा होता. या वेळी तो काही बोलला नाही. मी त्याच्या डोक्यावरच होतो, मित्रांनो. मला चार हात होते, पण तोंड नव्हतं.

बुधवारी बंदरावरून त्याचं पत्र आलं. “तुमच्या निळ्या दाराशी बराच वेळ थांबलो. दार उघडलं नाहीत, ते मी समजू शकतो. जखम पुन्हा उघडायला आलो याबद्दल क्षमा करा.” पत्रावर पुढचा पत्ता नव्हता. विल्फने जहाज कंपनीच्या पत्त्यावर लिहिलं. काही आलं नाही.

त्या आठवड्यात विल्फ माझ्याजवळ आला आणि कपाळ माझ्यावर टेकवून उभा राहिला. पाना खिशात होता, पण त्याने काढला नाही. आता हात सरळ केले, तर एनिडला कळलं असतं की डेनिसचे शेवटचे शब्द कुणामुळे हरवले. तो तसाच परत गेला.

दोन दिवसांनी एनिड आली. तिने मान वर करून माझे चारही हात सावकाश वाचले. मिस पार्जिटर बससाठी उभी होती.

“विनी, आमचं दार हिरवं आहे ना गं?”

“हो.”

“आणि हॅगबीतल्या चॅपेल कॉटेजचं?”

“निळं.”

एनिडने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. “मी विचारलं, ते विल्फला सांगू नकोस. त्याला सहन होणार नाही.”

पुढची पंचवीस वर्षं दोघं रोज एका टेबलावर जेवली, एकमेकांपासून तेच एक लपवत.

मधल्या काळात तीन मैलांवरून मोटरवे नावाचा रुंद द्रुतगती रस्ता गेला. खोलीएवढे निळे फलक लागले. आमच्या जवळच्या फाट्यावर मोटरवेवरून खाली उतरता येतं, पण परत वर चढता येत नाही. तशी सोय करायचं राहून गेलं, असं म्हणतात. कंसातला नंबर माझ्याकडून काढून एका नव्या रस्त्याला दिला. आमच्या रस्त्यालाही नवा नंबर आहे, पण तो फक्त कचेरीतल्या कागदावर असतो, फलकावर लिहायचा नाही असा नियम आहे. मला रंग देणंही हळूहळू थांबलं. माझ्यावर शेवाळ चढलं आणि एका हातात पाखरांनी घरटं केलं.

१९७२ च्या वसंतात विल्फ पुन्हा शिडी घेऊन आला. एनिडला जाऊन दोन महिने झाले होते. या वेळी त्याने मिस पार्जिटरला स्वतःच बोलावलं होतं.

“शिडी घट्ट धर, विनी.”

“सत्तरीची बाई शिडी धरतेय आणि शहात्तरचा बाप्या वर चढतोय. पडलास तर दोघांना एकदमच पुरतील.”

बोल्ट गंजले होते. त्याला बराच वेळ लागला. मग तो वरूनच म्हणाला, “हे उलटे आहेत. मीच लावले होते.”

“माहितीये.”

“कधीपासून?”

“तू लावून खाली उतरलास तेव्हापासून.”

“सगळ्यांना?”

“हॅगबीतल्या कुत्र्यांनासुद्धा.”

विल्फ पाना हातात धरून थांबला. “आणि एनिडला?”

मिस पार्जिटरने रस्त्याकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “तिला नव्हतं माहीत.”

“तेवढं बरं झालं,” असं म्हणून विल्फने शेवटचा बोल्ट आवळला.

आता मी खरं बोलतो, पण विचारत कोणी नाही. गाड्यांमध्ये एक बाई बसलेली असते, ती वाट सांगते. कधीकधी तीही माणसांना थेट हॅगबीच्या तळ्याशी नेते, आणि तिलाही कोणी बोलत नाही.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. शेवाळ तसं उबदार असतं. एवढंच मागतो, की एखादा खांब उलटा लागलेला दिसला, तर तो ज्याने लावला त्याला त्याच दिवशी सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. शिडी तेव्हा तिथेच असते, आणि बोल्ट गंजलेले नसतात.

मी मात्र अजून त्या एका वाक्यापाशी उभा आहे. विल्फ गेला, मिस पार्जिटर गेली. ते वाक्य जिच्यासाठी होतं, तिच्यापर्यंत ते पोचलं नाही, आणि त्याचा जेवढा तुकडा या चौफुलीवर पडला, तो माझ्याशिवाय कोणी ऐकलेला नाही. मिसेस टॅप्लिन, त्या दिवशी सकाळी डेनिसने...