जिवंतपणीची तिलांजली

चैत्र सरत आला होता. जव्हारच्या त्या आळीत अंगणोअंगणी सांडगे वाळत पडले होते, आणि द्वारकाबाई काठी घेऊन एकट्याच कावळे हाकीत बसल्या होत्या. पूर्वी हे काम त्यांच्या मुलीचे, कमूचे असे. पण ते नाव आता त्या घरात उच्चारले जात नसे.

दोन वर्षांपूर्वी कमूने सूर्यमाळच्या शाळेत शिकवणाऱ्या बुधाशी लग्न केले. मुलगा सुशील, शिकलेला, पण आदिवासी. वार्ता कानी पडताच तिचे वडील, सदाशिवभटजी, पूजेच्या आसनावरून उठले. "चार दिवस जाऊ द्या, भटजी. राग हा विवेकाचा वैरी," असे शेजारचे नाना म्हणाले. भटजींनी घटकाभरही दम धरला नाही. तळ्यावर जाऊन त्यांनी जिवंत मुलीच्या नावाने तीळपाणी सोडले, स्नान केले, आणि ओलेत्यानेच घरी येऊन पत्नीला सांगितले, "आपल्याला मूल नव्हते असे समज." द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. आळीने भटजींच्या धर्मनिष्ठेची वाखाणणी केली. क्षणाच्या संतापाला शास्त्राचे वस्त्र नेसवले, की तो किती भारदस्त दिसू लागतो!

कावळे हाकता हाकता द्वारकाबाईंनी मान वर केली, तो अंगणाच्या कडेला एक म्हातारी उभी. डोक्यावर करवंदांची पाटी. बुधाची आई, कोंडी.

"बाय, तुझे पोरीला आठवा लागला. पाय सुजलं तिचं. आमचे पाड्याला गाडी चढत नाय. हितं दवाखाना जवळ. पयलं बाळतपण हाय, माहेरी आण तिला."

द्वारकाबाई उठणार, तोच भटजी ओटीवर आले. "बाई, आमची मुलगी गेली. गेलेल्या माणसाचे बाळंतपण कोणी करीत नाही."

कोंडी खळखळून हसली. "गेली? काल तं तिनं मला नागलीची भाकर करपवून वाढली! मेलेलं माणूस भाकर करपवतं का, भटजी?"

भटजी पाठ फिरवून आत गेले. द्वारकाबाईंनी कोंडीला मागीलदारी बोलावले आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी तिच्या पाटीत ठेवली.

"चिंध्या नको, बाय. तू ये."

"येईन हो. यांचा राग जरा निवू दे."

"राग निवंल. पोर थांबंल का?"

त्यानंतर रोज सकाळी द्वारकाबाई वहाणा पायात घालीत, दारापर्यंत जात आणि पुन्हा काढून ठेवीत. सांडगे वाळले, डब्यात भरले गेले. घरात दोन माणसे होती. पण मनातले बोलायला भिंतीखेरीज कोणी नव्हते.

ज्येष्ठातल्या एका दुपारी बुधा आला. पायरी चढला नाही.

"आई, कमू गेली. कालपासून अडली होती. झोळी करून निघालो, घाटवाटेतच..." तो पायरीखालीच बसला. "मुलगी झाली. ती जगली आहे."

भटजी उठले. जन्माची सवय; हात आपोआप घागरीकडे गेला. विहिरीकडे निघालेल्या त्यांच्या वाटेत द्वारकाबाई उभ्या राहिल्या.

"अहो, कोणाच्या नावाने अंघोळ करता?"

"द्वारके, सुतक..."

"तुम्हांला कसले सुतक? तुमची मुलगी त्या दिवशी तळ्यावरच गेली. आज गेली ती माझी."

द्वारकाबाईंनी वहाणा घातल्या आणि या वेळी त्या दारात थांबल्या नाहीत.

बुधाबरोबर एस.टी.ने आणि पुढे पायी, उन्हे कलताना त्या सूर्यमाळच्या पाड्यावर पोचल्या. कुडाच्या घरात कोंडी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"भटीणबाय, शिवशील ना हिला?"

द्वारकाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या कोरड्या छातीशी ते इवलेसे तोंड काही शोधू लागले, तेव्हा कोठे त्यांना रडू फुटले. मग त्यांनी त्या घरचे पाणी मागून घेतले आणि प्यायल्या.

कोंडी हळूच म्हणाली, "झोळीत घातली तवाबी इचारत होती, आई आली का. मी सांगतलं, वाटंत हाय."

द्वारकाबाई भटजींच्या घरी परतल्या नाहीत. जव्हारातच दवाखान्याजवळ एक खोली घेऊन त्या नातीला वाढवतात; सुटीच्या दिवशी बुधा एस.टी.ने येतो. भटजी आपल्या हाताने शिजवून एकटेच जेवतात.

आळीत पुन्हा कुणा मुलीच्या नावाने पाणी सोडण्याची भाषा निघाली, की द्वारकाबाई नातीला कडेवर घेऊन त्या घरच्या ओटीवर जाऊन बसतात. वाद घालीत नाहीत, वचने सांगत नाहीत. संतापाने उठलेल्या गृहस्थापुढे मूल धरतात आणि एवढेच म्हणतात, "स्नानाला निघाला असाल, तर आधी हिला जरा घ्या."