पपईच्या बागेतलं तीर्थ

दिल्लीजवळ मानेसरच्या पुढं पपईच्या एका बागेत रविवारी नुसती झुंबड उडाली होती. त्या आठवड्यात रात्री असा पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडला की शेजारच्या बागेतली पानं काळी पडून लोंबत होती, आणि या हिमहरबाबांच्या बागेतली पानं मात्र हिरवीगार. लोक त्या पानांना हात लावत आणि तोच हात डोळ्यांना लावत. दिल्लीहून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी बायका तर बस करून आल्या होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकूच त्यांनी इथं ठेवलं होतं, आणि वाण म्हणून बाबांच्या तीर्थाच्या बाटल्या. वाण काही कुणी नाकारत नाही, त्यामुळे बाबांचं आयतंच फावलं होतं.

शीला एरवी हळदीकुंकवाला जात नसे. फळझाडांवर संशोधन करणारी बाई. आज आली ती शेजारच्या अण्णासाहेबांसाठी. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. सून कुमुद दिवाळीपासून त्यांना गुडघ्यांसाठी हेच तीर्थ पाजत होती. गुडघे दुखायचे खरंच थांबले, पण नाकातून रक्त यायला लागलं. शीलानं कालच ते तीर्थ तपासलं आणि कुमुदला सगळं सांगितलं. कुमुद एवढंच म्हणाली, "ताई, माणूस भुलेल यार, पण झाड कसं भुलेल?"

इकडे बाबांचं सुरू होतं. थंडी म्हणजे काळाचा श्वास, आणि आम्ही झाडाच्या कानात बीजमंत्र फुंकतो वगैरे वगैरे. हा मंत्र फुंकायला पाठीवर फवारणीचा पंप लागतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

तेवढ्यात बाबांनी कुमुदबरोबर आलेल्या अण्णासाहेबांना पुढं बोलावलं. त्यांच्या हातातला रुमाल लाल झालेला. "रोग बाहर आ रहा है," बाबा म्हणाले, "आज पूरा लोटा पीजिए।"

 शीला गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि अण्णासाहेबांच्या हातातला लोटा तिनं धरला. बायका कुजबुजल्या. कुमुद तर रागानं लालबुंद झाली.

शीलानं पर्समधून पिवळसर द्रवाची कुपी काढली आणि लोट्यातलं तीर्थ एका पेल्यात ओतून त्यात चार थेंब टाकले. तीर्थ गर्द जांभळं झालं.

"देवी प्रकट हो गयी!" बाबा गरजले, आणि सगळ्या बागेनं हात जोडले. आता आली का पंचाईत!  शीलानं दुसऱ्या पेल्यात बसमधलं पिण्याचं पाणी घेतलं; थेंब टाकले, पाणी पिवळटच राहिलं. तिसऱ्यात प्रयोगशाळेतून आणलेलं द्रावण ओतलं. तेही तस्संच जांभळं झालं.

"यावर कुणी मंत्र म्हटला नाही," ती म्हणाली. "हे सॅलिसिलिक आम्ल आहे, तीर्थातही हेच; या थेंबांनी ते जांभळं होतं. थंडीआधी पानांवर याची किंचित मात्रा फवारली की झाड सावध होतं. पानातलं अन्न तयार करायचं काम थंडीत कोलमडत नाही, ऊन आलं की पुन्हा सुरू होतं. झाड भुललेलं नाही कुमुद, त्याला औषध मिळालंय. हेच तीर्थात जास्त घातलं की गुडघेदुखी थांबते, आणि अण्णांच्या गोळ्यांबरोबर गेलं की रक्त थांबत नाही."

मग तिनं बाबांना शेजारची जळालेली बाग मंत्रानं हिरवी करून दाखवायला सांगितलं. बाबा म्हणाले, मुहूर्त टळला. "टळणारच," शीला म्हणाली, "पाला पडून गेल्यावर ही फवारणी चालत नाही."

 तेव्हा अण्णासाहेबांनी बाबांना विचारलं, "आप खुद पीजिए ना, पूरा लोटा?" बाबांनी लोट्याकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले. मग कुमुदनं हातातली वाणाची बाटली खाली ठेवली. एकेक करत बाकीच्याही ठेवायला लागल्या.

बस थेट हॉस्पिटलला नेली. पोटातही रक्तस्राव सुरू झाला होता. लोटा प्यायले असते तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. अण्णासाहेब वाचले.

कुमुद बाहेरच्या बाकावर रडत होती. "ताई, मी त्यांच्या भल्यासाठीच देत होते."

"माहीत आहे गं. सगळे भल्यासाठीच देतात. म्हणून तर ज्याच्यावर माया आहे, त्याच्या तोंडाशी काही नेण्याआधी विचारायचं, यात काय आहे? आणि जो सांगत नाही, त्याच्या हातचं घ्यायचं नाही."